ताप मोजाच, पण श्वासही मोजा



“काही नाही, फ्ल्यू आहे,” असे म्हणून आपण घरातल्या आजाऱ्याची समजूत घालतो आणि स्वतःचीही घालतो. नाक वाहू लागले, अंग मोडून आले, दोन दिवस कण्हत पडून राहिलो, सुंठीचा काढा घेतला आणि चौथ्या दिवशी कामाला लागलो, असा आपला या दुखण्याचा अनुभव असतो. धडधाकट प्रौढ माणसाच्या बाबतीत तो बहुधा खराही असतो. बहुतेक मुलेदेखील आठवड्याभरात बरी होऊन पुन्हा अंगणात दिसू लागतात. परंतु दर साथीत काही थोडी मुले अशी निघतात की, ज्यांना हे ‘काही नाही’ म्हटलेले दुखणे दोन-तीन दिवसांत रुग्णालयाच्या खाटेवर नेऊन ठेवते. त्या थोड्या मुलांविषयी आज मला बोलावयाचे आहे. त्यांच्यावर रुग्णालयात कोणते उपचार होतात, त्या उपचारांचे सामर्थ्य किती व मर्यादा किती, आणि मूल तेथे वेळेवर पोहोचावे म्हणून घरच्या माणसाने काय पाहावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम पडसे आणि इन्फ्ल्युएन्झा यांतील भेद पाहू. पडसे हळूहळू येते. आधी शिंका, मग नाक गळणे, मग थोडी कणकण, असा त्याचा क्रम असतो. इन्फ्ल्युएन्झा मात्र एकाएकी गाठतो. सकाळी खेळलेले मूल संध्याकाळी १०३ अंश तापाने फणफणलेले असते. डोके दुखते, अंग ठणकते, कोरडा खोकला सुरू होतो. लहान मुलांत उलट्या आणि जुलाबही होतात, त्यामुळे आई-बापांना ते पोटाचे दुखणे वाटते. काही मुलांच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की ती पाऊल टाकावयास तयार होत नाहीत. हा भेद ढोबळ आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. निश्चित निदान नाकाघशातील स्रावाच्या तपासणीनेच होते.

या रोगाचा इतिहास मोठा आहे. त्यातील तीनच गोष्टी सांगतो. १९१८ च्या जून महिन्यात ही साथ मुंबईस आली आणि पावसाळा सरता सरता तिने देशभर असा संहार मांडला की, एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये रोग्यांच्या कफात आढळलेल्या एका जंतूलाच गुन्हेगार ठरविले होते. पुढे १९३३ मध्ये लंडनच्या विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर प्रयोग करून खरा अपराधी शोधला. तो जंतूहून कितीतरी पटींनी लहान असा विषाणू होता. तिसरी गोष्ट आपल्या आठवणीतील आहे. २००९ मध्ये एच१एन१ या नव्या प्रकाराची जागतिक साथ आली. त्या साथीत भारतातील पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. तो एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. म्हातारपणाचा किंवा जीर्ण व्याधीचाच हा रोग आहे, ही समजूत त्या दिवशी पुष्कळ घरांतून नाहीशी झाली. ती साथ ओसरली, पण तो विषाणू गेला नाही. ऋतुमानाप्रमाणे येणाऱ्या नेहमीच्या प्रकारांत तो सामील होऊन राहिला आहे. आपल्या देशात याचा जोर पावसाळ्यात व त्याच्या मागोमाग, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या महिन्यांत दिसतो.

आता हा विषाणू शरीरात काय करतो ते पाहू, कारण औषधाची सारी मर्यादा त्यावरून उमगते. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे काटे असतात. एकाचे नाव हेमॅग्ल्युटिनिन आणि दुसऱ्याचे न्यूरामिनिडेज. एच१एन१, एच३एन२ या नावांतील ‘एच’ आणि ‘एन’ ती हीच. पहिला काटा आकड्यासारखा आहे. त्याच्या आधाराने विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशीला अडकतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर तो त्या पेशीकडूनच आपल्या हजारो प्रतिकृती तयार करून घेतो. या नव्या विषाणूंना बाहेर पडताना मात्र पेशीच्या पृष्ठभागाची चिकटण सोडवावी लागते. ते काम दुसरा काटा करतो. तो जणू कात्री आहे. ही कात्री चालली की विषाणू सुटतात आणि शेजारच्या पेशींवर तुटून पडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ही वाढ अतिशय जलद होते. त्यानंतर जे नुकसान दिसते, त्यात विषाणूच्या करणीबरोबर शरीराने त्याच्याशी दिलेल्या झुंजीचाही वाटा असतो. श्वासनलिकेचे अस्तर सोलवटून निघते, फुप्फुसातील वायुकोशांत पाणी झिरपते आणि उघड्या पडलेल्या त्या जागेवर दुसरे जंतू येऊन ठाण मांडतात.

मुलांनाच हे अधिक का बाधते? एक कारण शरीररचनेचे आहे. तान्ह्या मुलाची श्वासनलिका बोरूच्या पोकळीएवढी अरुंद असते. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेला केसभर सूज आली तर त्याला फारसे जाणवत नाही. तान्ह्याच्या नलिकेला तेवढीच सूज आली तर हवेची वाट अर्ध्यावर येते. शिवाय त्याच्या बरगड्या मऊ असतात व श्वासाचे स्नायू लवकर थकतात. दुसरे कारण अनुभवाचे. मोठ्या माणसाच्या शरीराने हा शत्रू पूर्वी कधीतरी पाहिलेला असतो, मुलाच्या शरीराशी त्याची पहिलीच भेट असते. म्हणून पाच वर्षांखालील, त्यातही दोन वर्षांखालील मुलांना धोका अधिक, आणि सहा महिन्यांच्या आतील अर्भकांना सर्वांत अधिक. दमा, हृदयाचा जन्मजात दोष, मूत्रपिंडाचे विकार, मेंदूचे किंवा मज्जातंतूंचे आजार, सिकल सेलचा पांडुरोग अथवा कुपोषण असलेली मुलेही याच धोक्याच्या गटात येतात. तथापि, पूर्वी पूर्ण निरोगी असलेली मुलेदेखील या रोगाने अत्यवस्थ होतात, हे पालकांनी विसरू नये.

आकड्यांवरून या प्रश्नाचे खरे स्वरूप दिसते. संशोधकांनी २०१८ या एका वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालील मुलांत इन्फ्ल्युएन्झाचे सुमारे ११ कोटी आजार झाले. त्यांपैकी सुमारे ८ लाख ७० हजार मुलांना श्वसनमार्गाच्या गंभीर विकारामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ३४,८०० पर्यंत मुले दगावली. म्हणजे शेकड्याने पाहता दाखल होणारी मुले अगदी थोडी, आणि मृत्यू पावणारी त्याहून कितीतरी थोडी. परंतु जागतिक आरोग्य संघटना याला जोडून एक गोष्ट सांगते, ती मन अस्वस्थ करणारी आहे. या वयातील अशा मृत्यूंपैकी ९९ टक्के मृत्यू विकसनशील देशांत होतात. विषाणू तर सर्वत्र एकच आहे. मग अंतर कशाने पडते? पोषणाने पडते, प्राणवायूच्या सोयीने पडते, रुग्णालयाच्या दूरपणाने पडते. आणि घरी वाट पाहण्यात गेलेल्या दोन दिवसांनीही पडते. यांतील पहिली तीन कारणे दूर करणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे. चौथे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातचे आहे.

यासाठी घरच्या माणसाने काय पाहावे? आपण ताप पाहतो. तापमापक काखेत ठेवतो, १०२ की १०३ याची चर्चा करतो, पारा उतरला की निश्चिंत होतो. ताप पाहणे गैर नाही. परंतु तापाच्या आकड्यावरून आजाराचे गांभीर्य ठरत नाही. गांभीर्य सांगतो तो श्वास. आपल्या घरातील जुन्या बायकांना हे ठाऊक होते. ‘लेकराचे पोट उडते आहे’, ‘बरगड्या उडतात’ हे त्यांचे शब्द वैद्यकाच्या दृष्टीने अगदी अचूक आहेत. उणीव एवढीच होती की, ओळख बरोबर होऊनही उपाय म्हणून काही ठिकाणी पोटावर चटके दिले जात. ती अघोरी रीत कोठेही उरली असेल तर ती बंद झालीच पाहिजे.

श्वास मोजण्याची रीत सोपी आहे. मूल शांत असताना, शक्य तर झोपले असताना, त्याच्या पोटावरचे कपडे दूर करावेत. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. रडणाऱ्या किंवा अंगावर पिणाऱ्या मुलाचे श्वास मोजू नयेत, ते चुकतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक भरले, तर ते जलद समजावेत आणि मुलास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ही मोजणी अशिक्षित माणसालाही जमते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील आरोग्यसेवकांना आणि सुइणींना मुलांचा न्युमोनिया ओळखावयास शिकविले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी एक साधन बनविले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली तर न्युमोनिया समजावयाचा. या कामामुळे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे त्यांचे संशोधन १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे उपचार जंतूजन्य न्युमोनियावरचे होते, इन्फ्ल्युएन्झावरचे नव्हते. पण मोजावयाची गोष्ट तीच आहे, आणि तिच्यासाठी लागते ते केवळ एक मिनिट आणि एक लक्षपूर्वक पाहणारे माणूस.

श्वासाबरोबर आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हल्यासारखा आवाज येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, मूल सारखे पेंगणे व हाक मारूनही नीट न जागणे, अंगावर पिणे किंवा पाणी घेणे बंद होणे, आठ तासांत लघवी न होणे, आकडी येणे. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी ती रुग्णालयाची वेळ समजावी. तेथे सकाळ होण्याची वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला तरी डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये. याशिवाय एक फसवी अवस्था आहे. ताप उतरतो, मूल जरा हसते-खेळते, घरात सुटकेचा निःश्वास पडतो, आणि दोन दिवसांनी ताप व खोकला पूर्वीहून जोराने उलटतो. विषाणूने सोलवटलेल्या फुप्फुसांत जंतूंनी प्रवेश केल्याचे हे लक्षण असू शकते. उलटलेला ताप हा पहिल्या तापाहून अधिक गंभीर मानावा.

आता रुग्णालयात काय होते ते पाहू. लोकांना वाटते की तेथे एखादे जालीम इंजेक्शन असते आणि ते दिले की मूल बरे होते. वस्तुस्थिती निराळी आहे. गंभीर फ्ल्यूच्या उपचारातील पहिला मान औषधाला नसून प्राणवायूला आहे. बोटाला एक लहानसा चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहतात. ते ९० टक्क्यांच्या खाली गेले तर प्राणवायू देणे अगत्याचे ठरते. नाकाशी दोन बारीक नळ्या लावून तो दिला जातो. तेवढ्याने भागले नाही तर अधिक वेगाने किंवा सतत दाबाखाली हवा देण्याची योजना करतात, जेणेकरून मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहावेत. स्नायू पार थकले तर काही दिवस श्वासोच्छ्वास यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो. ‘मुलाला प्राणवायू लावला, म्हणजे आता आशा नाही’, ही समजूत निखालस चुकीची आहे. थकलेल्या शरीराला लढण्यासाठी मिळालेली ती उसंत असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. तापाने आणि जलद श्वासाने शरीरातील पाणी उडून जाते, उलट्यांनी त्यात भर पडते. मूल पिऊ शकत असेल तर थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. पिताना धाप लागत असेल तर नाकातून घातलेल्या नळीने किंवा शिरेतून पाणी देतात. शिरेतून दिले जाणारे पाणी मात्र मोजून द्यावे लागते, कारण सुजलेल्या फुप्फुसांना जास्तीचे पाणी सोसत नाही. ‘डॉक्टरांनी एकच बाटली लावली’ अशी तक्रार करणाऱ्या नातेवाइकांनी हे समजून घ्यावे.

तिसरी गोष्ट विषाणूवरच्या औषधाची. या औषधाचे नाव ओसेल्टामिव्हिर. १९९९ पासून ते वापरात आहे. मघाशी ज्या कात्रीचे वर्णन केले, ती कात्रीच हे औषध बोथट करते. त्यामुळे तयार झालेले नवे विषाणू पेशीला चिकटून राहतात, पुढे पसरत नाहीत. यावरूनच त्याची मर्यादा ध्यानात येईल. पसरणे थांबविणारे औषध पसरून झाल्यावर देऊन तितकासा उपयोग होत नाही. म्हणून ते आजाराच्या पहिल्या ४८ तासांत सुरू व्हावे, असे सांगतात. मुलाच्या वजनाप्रमाणे त्याची मात्रा ठरते आणि सामान्यतः पाच दिवस, दिवसातून दोनदा ते देतात. गंमत अशी की, याचा कच्चा माल प्रथम आपल्या मसाल्याच्या डब्यातील चक्रीफुलापासून काढला गेला. परंतु म्हणून चक्रीफुलाचा काढा पाजून फ्ल्यू बरा होईल, असे कोणी समजू नये. त्यातील द्रव्यावर पुष्कळ रासायनिक संस्कार झाल्यावर हे औषध तयार होते.

त्याचा गुण किती, याविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. एरवी निरोगी असलेल्या मुलांवर झालेल्या चाचण्यांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात या औषधाने आजाराची मुदत सुमारे २९ तासांनी कमी झाल्याचे, आणि काही मुलांना उलट्यांचा त्रास झाल्याचे दिसून आले. म्हणजे घरी बऱ्या होणाऱ्या मुलाचा एखादा दिवस वाचतो, एवढेच. रुग्णालयात दाखल झालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. २००९ च्या साथीतील ३८ देशांमधील २९ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली असता, पहिल्या दोन दिवसांत या वर्गातील औषध सुरू झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण उशिरा औषध मिळालेल्यांपेक्षा पुष्कळच कमी आढळले. हा लाभ प्रौढांत स्पष्ट होता, मुलांमध्ये तो तितका निःसंशय दिसला नाही. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील बालरुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारे ५५ हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत लवकर औषध मिळालेल्या मुलांचा रुग्णालयातील मुक्काम कमी झाल्याचे आणि अतिदक्षता विभागाची व मृत्यूची शक्यता घटल्याचे आढळले. ही सारी निरीक्षणे आहेत. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे आणि एकाला औषध द्यावे, दुसऱ्याला देऊ नये, अशी काटेकोर परीक्षा अत्यवस्थ मुलांवर करणे कठीण असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये गंभीर फ्ल्यूसाठी या औषधाची शिफारस केली ती सावध शब्दांत. तरीही निष्कर्ष एकाच दिशेचा आहे. दाखल होण्याइतक्या आजारी मुलाला हे औषध अहवालाची वाट न पाहता द्यावे, आणि ४८ तास उलटून गेले असले तरीही द्यावे.

आपल्याकडे २००९ च्या साथीपासून सरकारने रुग्णांचे तीन वर्ग पाडून दिले आहेत. सौम्य लक्षणे असलेल्यांनी घरी राहावे, तपासणी नको, औषधही नको. धोक्याच्या गटातील किंवा जोराचा ताप असलेल्यांना डॉक्टरांच्या निर्णयाने औषध. धाप, झापड, आकडी, पिणे बंद होणे अशी लक्षणे असलेल्यांना तत्काळ रुग्णालय, तपासणी आणि औषध. पूर्वी हे औषध ठराविक दुकानांतच मिळे. २०१७ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सामान्य औषधविक्रेत्यांकडेही मिळू शकते. त्याचा साठा करून घरच्या घरी देत सुटणे मात्र टाळावे.

जे द्यावयाचे नाही, त्याचाही विचार केला पाहिजे. प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, जंतूंना मारतात. विषाणूवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. फुप्फुसात जंतूंचाही शिरकाव झाल्याचा संशय असेल तेव्हा डॉक्टर ती देतात व तेव्हा ती प्राण वाचवितात. परंतु प्रत्येक फ्ल्यूला ती मागणे म्हणजे चोर घरात शिरला असता शेजाऱ्याला बांधून घालण्यासारखे आहे. तीच गोष्ट स्टिरॉइडांची. दम्यासारखे दुसरे कारण असल्याखेरीज फ्ल्यूच्या न्युमोनियात त्यांचा सरसकट वापर करू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे.

ॲस्पिरिनबद्दल स्वतंत्र इशारा दिला पाहिजे. सिडनी येथील डॉ. रे यांनी १९६३ मध्ये मुलांच्या एका भयंकर विकाराचे वर्णन केले. फ्ल्यू किंवा कांजिण्या बऱ्या होत असतानाच मुलाला एकाएकी उलट्या सुरू होतात, यकृत बिघडते, मेंदूला सूज येते आणि शुद्ध हरपते. पुढे असे आढळून आले की, यातील बहुतेक मुलांना तापात ॲस्पिरिन दिलेले होते. अमेरिकेत १९७९-८० या एका वर्षात अशी ५५५ मुले नोंदली गेली होती. लोकांना सावध केल्यावर ही संख्या घसरत गेली आणि १९९४ ते १९९७ या काळात ती वर्षाला दोनांवर गेली नाही. केवळ एक गोळी न दिल्याने एवढी मुले वाचली. म्हणून मुलांच्या तापात ॲस्पिरिन वर्ज्य समजावे. पॅरासिटमॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. घरगुती उपायांना माझा विरोध नाही. मोठ्या मुलाला गवती चहा किंवा तुळशीचा काढा दिल्याने घसा शेकतो आणि पोटात पाणी जाते. परंतु तान्ह्याच्या नाकात तेल घालू नये, एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, मुलाच्या हाती लागेल असा कापूर ठेवू नये आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफेसाठी वाकवू नये. यांतील प्रत्येक गोष्टीने मुलांना इजा होते.

उपचारापेक्षा निवारण बरे, हे सुभाषित येथे अक्षरशः लागू आहे. फ्ल्यूची लस सहा महिन्यांपासून पुढे देता येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सहा महिने ते पाच वर्षे या वयात दरवर्षी द्यावी, अशी शिफारस केली आहे. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, नंतर वर्षाला एक. विषाणू आपले रूप सतत थोडे थोडे पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी लागते. पावसाळ्यापूर्वी दोन-चार आठवडे ती घेतलेली बरी. ती घेतली म्हणजे फ्ल्यू होणारच नाही, असे नाही. चांगला मेळ बसलेल्या वर्षीही ती डॉक्टरांकडे जाण्याजोगा आजार शेकडा चाळीस ते साठ इतकाच टाळते. पण गंभीर आजाराचा धोका ती कमी करते. अमेरिकेत फ्ल्यूने दगावलेल्या व लस घेण्यास पात्र असलेल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांनी लस पूर्ण घेतलेली नसते, हा तेथील वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला लस देता येत नाही. त्याचे रक्षण आईकरवी करावे लागते. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांना लस देऊन केलेल्या प्रयोगात त्यांच्या बाळांचा, सहा महिन्यांपर्यंतचा, तपासणीने सिद्ध झालेला फ्ल्यू ६३ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे लहान मुलांच्या सार्वत्रिक लसीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात ही लस नाही. म्हणून ती परवडणाऱ्याने घ्यावी आणि न परवडणाऱ्याने राहावे, अशी स्थिती आहे. ती बदलावी, ही मागणी नागरिकांनी करावयास हवी.

शेवटी, मी शिक्षक असल्यामुळे शाळांविषयी दोन शब्द बोलतो. मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाहेर टाकीत राहतात, आणि एका बाकावर तीन मुले बसतात. तरीही शंभर टक्के हजेरीची बक्षिसे आपण मोठ्या कौतुकाने वाटतो. त्या बक्षिसापायी तापलेले मूल गोळी घेऊन शाळेत येते, शेजारच्या मुलाला रोग देते, आणि ते मूल तो आपल्या घरच्या पाळण्यापर्यंत नेते. पाळण्यातल्या त्या बाळाला बक्षिसाची किंमत मोजावी लागते. ताप औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास उतरलेला राहीपर्यंत मुलाला घरी ठेवावे, आणि शाळांनी या अनुपस्थितीची शिक्षा करू नये. जत्रा असो, फेस्त असो, लग्न असो, खोकणाऱ्या माणसाने तान्ह्याला उचलून घेण्याचा मोह आवरावा. हात साबणाने धुवावेत, शिंक कोपरात घ्यावी. या गोष्टी जुन्या झाल्या असल्या तरी खोट्या झालेल्या नाहीत.

आज रात्री एक गोष्ट करून पाहावी, अशी माझी विनंती आहे. घरातले लहान मूल निरोगी असेल, शांत झोपले असेल, तेव्हाच घड्याळ घेऊन त्याचे श्वास एक मिनिटभर मोजावेत आणि तो आकडा लिहून ठेवावा. निरोगी श्वास कसा दिसतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला आजारी श्वास ओळखावयास वेळ लागत नाही. आणि तो वेळेवर ओळखला गेला, तर पुढचे डॉक्टरांचे काम पुष्कळच सोपे होते.